वाटसरूंची खोली

अमरावतीच्या चौकातली ती सराय वाटसरूंसाठी बांधलेली. कापसाला सोन्याचा भाव आला आणि व्यापाऱ्यांनी तिच्या खोल्या गाठींनी भरून टाकल्या. फक्त एक खोली तिथल्या राखणदार म्हातारीने कुणाला दिली नव्हती. ती रोज सारवायची, माठ भरून ठेवायची.

अंजनगावाहून कापसाची गाडी घेऊन मी पोचलो, तेव्हा सोबत आलेली माझी बायको तापाने फणफणली होती. आभाळ भरून आलं होतं. एक व्यापारी माल ठेवायला तीच खोली मागत होता.

म्हातारीने सारवणाचा हात पदराला पुसला, बायकोच्या कपाळाला लावला आणि घोंगडी अंथरली.

"शेटजी, कापसाले झोप लागते काय?"

पहाटे पाऊस आला. माझीही गाडी बाहेरच होती. बायकोचा नुकताच डोळा लागला होता. मी उठलो नाही.