मर्ल टेशच्या टोपीचा खटला

मर्ल टेशला माणसं आवडत नसत. गाई आवडत, पण त्याही धुतलेल्या असल्या तर. विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात उभा जन्म त्याने दूध-निरीक्षक म्हणून काढला. पहाटे दुसऱ्याच्या गोठ्यात शिरायचं, बादलीच्या कडेवरून बोट फिरवायचं, ते बोट मालकाच्या नाकासमोर धरायचं आणि एक अक्षर न बोलता गाडीत बसून निघून जायचं. सरकारने पगार दिला नसता तरी त्याने हे काम आनंदाने केलं असतं.

निवृत्त झाल्यावर बोट फिरवायला बादल्या उरल्या नाहीत. मग त्याने कॉलेजात संध्याकाळचा कायद्याचा वर्ग लावला. तिथे त्याला ‘जाणूनबुजून केलेलं अपकृत्य’ हा धडा भेटला, आणि उतारवयात एखाद्याला देव भेटावा तसा तो उजळून निघाला.

“ऐक, अर्डिस,” तो जेवताना बायकोला सांगू लागला. “लोक काय म्हणतात? ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं.’ गाढवं! कायदा म्हणतो, मनातलं ठेव तुझ्यापाशी. हात लावायचा होता? होता. लावलास? लावला. समोरच्याची परवानगी होती? नव्हती. चारचौघांतल्या कुणालाही त्यात अपमान वाटला असता? वाटला असता. संपलं! इजा व्हायला हवी असंही नाही.”

“मग मघाशी तू मला फ्रिजसमोरून ढकललंस, ते?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं?”

“बटाटे वाढ.”

त्या दिवसापासून मर्लच्या नजरेत सगळं गाव आरोपी झालं. पोस्टमन हिरवळीवरून तिरपा यायचा. मर्लने त्याला अडवून समजावलं, की गवताला काही झालेलं नसलं तरी जमीन माझी, पाय तुझा, आणि तो तू मुद्दाम टाकलास, एवढं पुरतं. पोस्टमन वळसा घालून येऊ लागला आणि मर्लची पत्रं दुपारनंतर मिळू लागली. पण सगळ्यात मोठा तिरस्कार मर्लने राखून ठेवला होता तो ‘गंमत केली’ म्हणणाऱ्यांसाठी. ती जमात त्याला नासक्या दुधाहून वाईट वाटे.

एका शुक्रवारी अर्डिस स्वयंपाकघरात त्याचे केस कापत होती. ती कसं चुकतेय हे तो तिला मधूनमधून सांगत होता. शेवटी ती चिडली, केस कापायच्या मशीनचा कंगवा निसटला, आणि शेतातून ट्रॅक्टर जावा तसा एक पट्टा कपाळापासून टाळूपर्यंत साफ झाला. मर्लने टोपी चढवली आणि तशीच माजी सैनिकांच्या क्लबात गेला.

शुक्रवारी तिथे तळलेला मासा असतो आणि माशानंतर युकर या जोडीने खेळायच्या पत्त्यांचा डाव. दारावर पाटी आहे: टोपी घालून आत येणाऱ्याने सगळ्यांना एकेक पेला पाजावा. बारमागच्या नोरीनने टोपी पाहिली आणि घंटा वाजवली. सगळे ओरडले. मर्लने न हसता पैसे टाकले आणि टोपीसकट खुर्चीत बसला.

तेवढ्यात मागून ड्वेन हूबनर आला. हा जाडा गवळी पत्त्यांत मर्लचा कायमचा जोडीदार. दुसरं कुणी व्हायला तयारच नव्हतं, कारण प्रत्येक हातानंतर मर्ल जोडीदाराची अक्कल काढतो. ड्वेनला ते ऐकू येत नसावं किंवा लागत नसावं. त्याने दोन बोटांनी मर्लची टोपी उचलली आणि भिंतीवरच्या हरणाच्या शिंगावर अडकवली. तो पट्टा पाहून माणसं हसत हसत माशांच्या ताटांवर आडवी पडली.

मर्ल उभा राहिला. “हूबनर, तू आत्ता काय केलंस?”

“टोपी काढली.”

“मुद्दाम?”

“मग काय, शिंक आली म्हणून?”

“सगळ्यांनी ऐकलंत! आता माफी माग.”

“अरे मर्ल, गंमत केली रे. मनात काही नव्हतं.”

दुसरं काहीही म्हणाला असता तर चाललं असतं. सोमवारी मर्लने दावा ठोकला.

“आणि जिंकलास तर?” अर्डिसने विचारलं. “शुक्रवारी पत्ते कुणाबरोबर खेळशील? हरणाबरोबर?”

“हरीण निदान पत्ते नीट टाकेल,” मर्ल म्हणाला. पण त्या आठवड्यात तो क्लबात गेला नाही, आणि पुढच्याही नाही. घरी एकटाच पत्ते लावत बसला आणि टेबलाला शिव्या देत राहिला. टेबल काही हसलं नाही.

कोर्टात वकील कुणाकडेच नव्हता. न्यायाधीश बाई चष्म्यावरून दोघांकडे पाहत होत्या. मर्लने सूट घातला होता. ड्वेनच्या बुटांना शेण होतं, आणि ते मर्लने आधी पाहून घेतलं.

“टोपी म्हणजे शरीर नव्हे, असं प्रतिवादी म्हणू शकतात,” बाई म्हणाल्या.

“अंगावरच्या वस्तूला हात लावणं म्हणजे अंगाला हात लावणं,” मर्ल म्हणाला. “हातातलं ताट हिसकावलं तरी तेच.”

“बरोबर. पण तुम्हाला पाटी माहीत होती. टोपी घालून आत गेलात म्हणजे संमती दिलीत, नाही का?”

मर्ल याचीच वाट पाहत होता. “पाटीवर पाजायचं लिहिलंय, बाईसाहेब. मी पाजलं. टोपी ओढा असं कुठे लिहिलंय? एका गोष्टीची संमती म्हणजे सगळ्याची नव्हे.”

बाईंनी मान डोलावली. ही मान डोलताना पाहायलाच मर्ल जन्माला आला होता. त्याने ड्वेनकडे असा कटाक्ष टाकला की बादलीही लाजली असती.

“श्री. हूबनर, काही सांगायचंय?”

ड्वेन डोकं खाजवत उठला. “बाईसाहेब, लिहिलेलं नाहीये हे खरं. पण टोपी शिंगाला लावायची रीत आहे आमच्यात. यानंच सुरू केली ना. माझ्यापासून. वासरांमुळे माझ्या डोक्यावर गजकर्ण उठलं होतं, डॉक्टरनं सगळं डोकं जांभळ्या औषधानं रंगवलं होतं. यानं टोपी ओढली. मग वर्षभर लोक मला द्राक्ष म्हणायचे.”

“तुम्ही दावा केलात?”

“छे! सगळ्यांना पाजलं.”

बाई मर्लकडे वळल्या. “हे खरं आहे?”

खोटं बोलणारी माणसं मर्लला ‘गंमत केली’ म्हणणाऱ्यांइतकीच नीच वाटत. “खरं आहे,” तो बोट वर करून म्हणाला. “पण ती नुसती गंमत होती. माझ्या मनात काही—”

आणि तो थांबला. बोट अजून वर धरलेलं होतं, फक्त या वेळी ते त्याच्याच नाकासमोर होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “जी रीत तुम्ही पाडलीत ती माहीत असून तुम्ही टोपी घालून आत बसलात. दावा फेटाळला. टोपी परत मिळाली ना?”

“मिळाली,” मर्ल पुटपुटला.

पुढच्या शुक्रवारी मर्ल क्लबात गेला. पट्ट्यातले केस आता वाढून सारखे झाले होते, तरी डोक्यावर टोपी होती. नोरीनचा हात घंटेकडे गेला आणि परत आला. याने उद्या घंटेवरही दावा ठोकला तर? सगळे आपापल्या माशात बघू लागले. जाता-येता खांद्यावर हात टाकणारे लोक खुर्च्या सरकवून वाट देऊ लागले. मर्लला आयुष्यभर हवं होतं ते नेमकं हेच, कुणी अंगाला लागू नये. आणि ते मिळाल्यावर तो मधोमध खांबासारखा उभा राहिला.

मग ड्वेनच्या टेबलाशी गेला. “हूबनर. टोपी काढ.”

“मी? नाही बाबा. परवानगी?”

“दिली.”

“साक्षीदार?”

“आहोत!” सगळा क्लब ओरडला.

ड्वेनने टोपी उचलून शिंगाला अडकवली. नोरीनने घंटा अशी बडवली की दोरीच तुटायची राहिली. मर्ल समोरच्या खुर्चीत बसला.

“हे पत्ते गाईनं पिसलेत का?”

“मी पिसलेत.”

“तेच म्हणतो मी.” त्याने पत्ते उचलले नाहीत. पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “हूबनर, त्या जांभळ्या डोक्याच्या वेळी... ते मी मुद्दाम केलं होतं.”

“माहीत आहे रे,” ड्वेन म्हणाला. “उचल पत्ते.”