अर्ध्या विटेचा हँडब्रेक

आमच्या गाडीला हँडब्रेक होता. तो फक्त गाडी थांबवत नसे. ते काम अर्धी वीट करायची. पवनीत आमच्या घरासमोर थोडा उतार आहे. गाडी उभी केली की मी उतरून चाकाला वीट लावायचो आणि निघताना तीच वीट डिकीत टाकायचो. मेकॅनिकनं दोनदा सांगितलं होतं, भाऊ, केबल बदलून घ्या. मीही दोनदा "हाव, पुढच्या आठवड्यात" म्हटलं होतं. त्या काळी मला स्वतःच्या काटकसरीचा फार अभिमान वाटायचा. (आता काय वाटतं ते पुढे येईलच.)

गाडी म्हणजे कोणी फार मोठी समजू नये. लाल, लहानशी, सेकंडहँड. पण हातमागाच्या लुगड्यांवर जगलेल्या आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी, त्यामुळे तिचा थाट जावयाचा होता. गोंदियाच्या एका गृहस्थाकडून घेतलेली. नंबरप्लेटवरचा गोंदिया जिल्ह्याचा नंबर पाहून अख्खी गल्ली तिला 'गोंदियावाली' म्हणायची, आणि आमची बायको मंदा हे नाव ऐकलं की माझ्याकडे संशयानं पाहायची.

गजानन माझा शाळेपासूनचा दोस्त. सुताचं दुकान, स्वभाव गरीब, वय छत्तीस आणि लग्नाचा पत्ता नाही. पंधरा मुली पाहून झाल्या होत्या. सोळावी सानगडीची वनिता, तिकडच्या शाळेत मास्तरीण. तिनं फोटो पाहून स्वतः होकारासारखं काहीतरी कळवलं होतं. सोमवारी आमच्या गावची दुकानं बंद, म्हणून त्यानं त्या दिवशी गाडी मागितली.

"या बारीले जमलं तं जमलं," तो म्हणाला. "नाही तं मी आता मुली पाहणंच सोडून देतो."

मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी भाषण करतो. आठच दिवसांपूर्वी विमा नवा केला होता, त्यामुळे त्या विषयावर माझा अधिकार ताजा होता. "विमा गाडीचा असते, चालवणाऱ्याचा नाही. लायसन आहे ना तुयापाशी? मंग बिनधास्त जाय. काही झालं तं मी आहो!" पुढचा अर्धा तास मी त्याला क्लच कसा दाबायचा, हॉर्न कुठून दाबला तर वाजतो, डावं दार कसं लाथ मारून उघडतं, हे सगळं समजावलं. वीट सोडून सगळं. आदल्याच दिवशी आमचा कुलर थरथरत भिंतीपासून पुढे सरकत होता, म्हणून (गाडी त्या दिवशी सपाट बोळात उभी होती) डिकीतली वीट काढून मी त्याच्या पायाखाली दिली होती आणि ते साफ विसरलो होतो.

दुपारी फोन आला. "भाऊ," गजाननचा आवाज पार बसलेला. "गाडी बोडीत गेली."

बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. पूर्ण नाही गेली, तो म्हणाला, अर्धीच. आम्ही मुलीच्या घरात पोहे खात होतो, गाडी अंगणातून आपली आपण निघाली. हँडब्रेक मी ओढला होता, देवाशपथ.

तेवढ्यात माझी नजर कुलरवर गेली. विटेवर तो असा शांत उभा होता की मला त्याचा राग आला. आणि मी काय केलं? फोनमध्ये ओरडलो, "काहून बे, लक्ष कुठी होतं तुयं?"

गजानन आपली स्कूटर आमच्याकडेच ठेवून गेला होता. तिच्यावर मी निघालो. मंदा न विचारता मागे बसली. वाटेत तिनं एकच प्रश्न विचारला, इट कुठी आहे? मी म्हटलं, ऐकू येत नाही, वारा फार आहे.

बोडीच्या काठावर शिवराम नावाच्या कोळ्यानं बांबूंवर जाळी वाळत घातली होती. गाडी त्या जाळ्यांत शिरली, गुरफटली आणि चाकं पाण्यात घालून बसली. एवढं मोठं जाळ्यात कधी सापडलं नव्हतं, शिवराम म्हणाला, पण हे इकता येत नाही ना. मुलीचे वडील भाऊरावजी हाताची घडी घालून उभे होते. गाडी सांभाळता येत नाही तो संसार काय सांभाळणार, असं त्यांनी चारचौघांत बोलूनही टाकलं होतं. गजानन चपलेकडे पाहत होता. दारात वनिता उभी होती.

विमा एजंटानं फोनवर गाडी हलवू नका म्हणून सांगितलं होतं. विमा कंपनीचे सर्व्हेअर साहेब नेमके जवळच साकोलीत होते, तासाभरात आले. विम्याचे कागद पाहिले, गजाननचं लायसन पाहिलं, आणि म्हणाले की मालकाच्या परवानगीनं दोस्तानं चालवली तरी विमा लागू आहे. मी सगळ्यांकडे वळून पाहिलं. (सांगितलं नव्हतं का!)

"पण गाडी घरंगळली कशी?" साहेबांनी विचारलं.

गजानन हळूच म्हणाला, "मायीच चूक आहे जी. ब्रेक नीट ओढला नसंन."

दारातली वनिता आत गेली. गजाननचा चेहरा पडला. आता बोलायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं, पाण्यातल्या गाडीकडे पाहिलं, आणि म्हणालो, "साहेब, ऊन लय आहे. चहा घेता का?"

"त्याची काही चूक नाही जी," मागून मंदा म्हणाली. "ह्या गाडीचा ब्रेक आमच्या कुलरखाली आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. मेकॅनिकसकट. साहेब पॅन्ट वर करून पाण्यात उतरले आणि हँडब्रेक ओढून पाहिला. ओल्या मातीतला मुळा उपटावा तसा तो अलगद वर आला. साहेबांनी वही मिटली.

"गाडी दोस्ताले देता येते भाऊ, जबाबदारी नाही देता येत. बिघाड तुमाले माहीत होता, अन् तुमी सांगितलाबी नाही." दुरुस्ती आणि शिवरामचं नवं जाळं, दोन्ही माझ्याच गळ्यात पडणार हे मला तिथंच कळलं.

भाऊरावजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गजाननकडे वळले. "तुमची चूक नव्हती, तं काहून आपल्या अंगावर घेतली?"

"दोस्त आहे जी," गजानन म्हणाला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

वनिता चहा घेऊन बाहेर आली होती. पहिला कप तिनं गजाननला दिला. "बाबा, मले हे पसंत आहेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "वरातीले गाडी मात्र दुसऱ्याची आणजा."

वरात दुसऱ्याच गाडीतून गेली. माझी गाडी तेव्हा गॅरेजमध्ये होती, म्हणून मी एसटीनं गेलो.

हँडब्रेक मी दुरुस्त केला. तरी मंदा वीट डिकीतून काढू देत नाही; कुलरखाली आता लाकडाचा ठोकळा आहे. पुढच्या वर्षी विमा नवा करायला एजंट घरी आला. अर्ज भरता भरता त्यानं विचारलं, गाडीत जादा काही बसवलेलं आहे का?

"इट लिवा. एक," मंदा आतून म्हणाली.

एजंटही बिलंदर. लिहिल्यासारखं करत त्यानं विचारलं, "चांगल्या हालतीत आहे का जी?"

"इट चांगलीच आहे," मंदा म्हणाली. "मालक तेवढा तपासून घ्या."