डाव्या चाकाचा आवाज

ज्योतीराम घोडके यांचं निम्मं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये गेलं. रहाटणीच्या चौकात उभं राहायचं, बस आली की चढायचं, खिडकी मिळाली तर डोळे मिटायचे. कारखाना भोसरीहून चाकणला हलला तेव्हा बसमधली झोप थोडी वाढली, एवढाच फरक. स्टिअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाकडे घर बांधलं नाही की तीर्थयात्रा काढली नाही. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दाखल झाले. पहिल्या खेपेला नापास झाले, दुसऱ्या खेपेला लायसन्स मिळालं, आणि दिवाळीनंतर काळेवाडीकडच्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममधून त्यांनी चंदेरी रंगाची छोटी कार घेतली. चाकांखाली लिंबं फोडून ती सोसायटीत आली.

गाडीमागे कारण होतं. त्यांची मुलगी विजयश्री तळेगाव दाभाड्याला दिलेली, आणि तिला नुकतीच मुलगी झाली होती. यशोदाबाईंना नातीला वरचेवर बघायचं असे, पण चिंचवड स्टेशनचा जिना चढताना त्यांचे गुडघे अडत. ज्योतीरामांनी ठरवलं होतं, आता हिला मी नेणार.

पहिल्याच फेरीत देहूरोड ओलांडताना यशोदाबाई म्हणाल्या, चाक ओरडतंय. ज्योतीरामांना काहीच ऐकू आलं नव्हतं. जुनी गाडी आहे, थोडीफार बोलणारच, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. परतताना दर सिग्नलला यशोदाबाईंनी पदर मुठीत धरला. घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, की ब्रेक दाबला की पायाखाली कोणी पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. तो आवाज जाईपर्यंत आपण लोकलनं जाणार. आणि गेल्याही, गुडघ्यांसकट.

ज्योतीरामांनी घरात कोणाला न सांगितलेली गोष्ट अशी, की त्यांना बारीक आवाज ऐकू येत नसत. कारखान्यातल्या प्रेस मशीनचा ठोका, ट्रकचा हॉर्न, माणसाचं समोरून बोलणं, सगळं नीट कळे. पण कुकरची शिट्टी, मोबाइलची रिंग, पाखरं हळूहळू गेली. कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत. प्रेसवरची माणसं ते खिशात ठेवत, कारण कान बंद केले तर पत्र्याला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, बिघडल्याचं आधी कळत नाही आणि माल वाया जातो. डायचा सूर सांभाळता सांभाळता बाकीचे सूर गेले. हे बाहेर आलं तर मुलगा रविराज गाडीची चावी काढून घेईल, याची त्यांना खात्री होती. हिंजवडीत कामाला असलेल्या रविराजला मुळात ही गाडीच पसंत नव्हती.

ते शोरूमच्या वर्कशॉपमध्ये एकटेच गेले. पहिल्या वेळी तिथल्या माणसांनी चाकं खोलून धूळ झटकली आणि गाडी धुऊन दिली. आवाज तसाच राहिला, असं यशोदाबाईंनी सांगितलं. दुसऱ्या वेळी ब्रेकचे पॅड बदलले म्हणाले. तिथला सर्व्हिस ॲडव्हायजर, दिग्विजय नावाचा टाय लावलेला तरुण, त्यांना घेऊन चक्कर मारायला निघाला. काचा बंद, एसी सुरू, बारीक आवाजात गाणं लावलेलं. ब्रेक दाबून तो त्यांच्याकडे वळला आणि त्याचे ओठ हलले, पण शब्द एसीच्या घरघरीत बुडाले. ज्योतीरामांनी अंगठा वर केला.

कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये अंगठ्याचा अर्थ वेगळा असतो. तिथे कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. सुपरवायझर समोर येऊन काही बोलला की अंगठा दाखवायचा. म्हणजे तुम्ही बोललात हे दिसलं, काय बोललात ते चहाच्या सुट्टीत विचारतो. ज्योतीरामांचा हात आयुष्यभराच्या सवयीनं वर गेला. दिग्विजयनं तो होकार समजून काम पूर्ण झाल्याची नोंद करून टाकली.

आवाज अर्थातच गेला नव्हता. रविराजनं शोरूमला फोन लावला. पलीकडून दिग्विजय नम्रपणे म्हणाला, काकांनीच तर ओके केलं. रविराजनं फोन ठेवला आणि वडिलांकडे बघून विचारलं, "बाबा, आवाज होता तर तुम्ही ओके कसं केलं?"

ज्योतीरामांनी गाडीची चावी खिशात सारली. रविराज म्हणाला, आता एकदाच जा. त्यानंही झालं नाही तर गाडी परत करून टाकू.

"ते भिडस्त हायत," यशोदाबाई ओट्याकडूनच म्हणाल्या. "उद्या मी जाते संगं."

दुसऱ्या दिवशी गाडी ज्योतीरामांनी चालवायला घेतली. यशोदाबाई शेजारी, दिग्विजय मागे. गाणं यशोदाबाईंनी बंद करायला लावलं आणि काचा खाली घेतल्या. बसल्या बसल्या दिग्विजयनं बोलून दाखवलं, की मागच्या वेळी काकांनी अंगठा दाखवला होता.

"त्येचं काय घेऊन बसलास, लेकरा," यशोदाबाई म्हणाल्या. "मी तासभर भांडते, तवाबी ते अंगठाच दावतात."

दिग्विजय हसला. पुढच्या चौकात ज्योतीरामांनी ब्रेक दाबला, आणि गिअरवरच्या त्यांच्या हातावर यशोदाबाईंचा हात आला. एकदा दाबला आणि निघून गेला. त्यांनी वळून पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पुढच्या गतिरोधकावर पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा हात दाबला गेला तेव्हा ज्योतीरामांना उमगलं. हिला माहीत आहे. त्यांनी समोर बघत गाडी हळू केली आणि हात दाबला जाताच म्हणाले, "आत्ता. आत्ता झाला."

"हो काका," मागून दिग्विजय म्हणाला. "आला खरा. डाव्या बाजूला आहे."

वर्कशॉपमध्ये त्यानं दोघांसमोर चाकं खोलून घेतली. उजवीकडचे पॅड कोरे होते. डावीकडचे पार झिजून लोखंडाला लोखंड लागलेलं. चिमाजी नावाचा मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "डावीकडची पॅड धरणारी पिन जाम होती, साहेब. संध्याकाळी गाडी द्यायची म्हणून तुम्हीच घाई केली, ते पॅड तसेच राहिले." दिग्विजयनं नवे पॅड मागवले आणि तो तिथेच उभा राहिला.

घोडके नवराबायको भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसले. मध्ये ठेवलेला चहा दोघांनीही उचलला नाही.

"कधीपासून?" ज्योतीरामांनी विचारलं.

यशोदाबाईंनी काय कधीपासून, असं उलट विचारलं नाही. त्या त्यांच्याकडे तोंड करून बोलल्या, रोज बोलत तशाच. आपली बायको आपल्याशी कायम समोर येऊन बोलते, हे त्यांच्या आजच ध्यानात आलं. "विजूच्या लग्नाच्या आधीपासून. पहिल्या शिफ्टला अलार्म वाजायचा अन् तुमी उठतच नव्हता. मग मी आधी हलवायची, अन् म्हणायची, आवो, वाजला बगा."

"मला वाटायचं, मी अलार्मनंच उठतोय."

"वाटू दिलं."

"बोलली का नाहीस?"

"तुमी झाकून ठिवलं होतं. मग मीबी झाकलं." त्यांनी पदर सारखा केला. "पर आता नको. आता नातीला मांडीवर घिऊन बसायचंय मला ह्या गाडीत."

ज्योतीराम खोललेल्या चाकाकडे बघत राहिले. गाडी आल्यापासून भीती एकच होती, चावी जाण्याची. झिजलेला पॅड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याच्या आवाजाला ते आधी घरी, मग शोरूममध्ये बरं म्हणून बसले होते.

काम झालं. पुन्हा तिघं गाडीत बसले. चौक आला, ब्रेक लागला, आणि दिग्विजयनं पुढे वाकून विचारलं, "काय काका, गेला ना?"

यशोदाबाईंचा हात अर्ध्यावर आला. ज्योतीरामांनी तो थांबवला.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "प्रेसवर होतो. हिला विचारा."

दिग्विजयनं तोच प्रश्न मावशी म्हणून यशोदाबाईंना विचारला. त्यांनी आणखी दोनदा ब्रेक दाबायला लावला, मान खाली घालून ऐकलं आणि गेला म्हणाल्या.

परक्या माणसासमोर एकदा बोलून झाल्यावर घरी सांगणं तेवढं जड गेलं नाही. जेवताना ज्योतीरामांनी रविराजला सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. रविराजचा घास हातातच राहिला. कंपनी कानात घालायला काही देत नव्हती का, एवढं त्यानं विचारलं. देत होती, असं ज्योतीराम म्हणाले, आणि खिशातून गाडीची चावी काढून त्यांनी ताटाशेजारी ठेवली.

रविराजनं चावीकडे पाहिलं. त्यानं ती उचलली नाही.

"शनिवारी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "गाडी तुम्हीच चालवा. आई पुढे बसेल, मी मागे बसतो."