पकडीचे मास्तर

आमचे मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या घोट्याकडे बघायचे. पहिल्यांदा माझ्या रिक्षात बसले तेव्हा "बिबवेवाडी" एवढंच म्हणाले आणि पुढे वाकून माझे पाय बघत राहिले. मला वाटलं, चपलेचा अंगठा तुटलाय तो दिसला असेल. सिग्नलला म्हणाले, "डावा घोटा अधू आहे तुमचा. कधी पडला होता का?" पडलो होतो. दहीहंडीत, दुसऱ्या थरावरून, तेही सरावाच्या दिवशी. बायकोला मी पाचवा थर सांगितलाय. मास्तरांना मात्र खरं सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलायची गरज पडली नाही. म्हणजे तेव्हा.

"खांदा फसवतो, मान फसवते, डोळा तर फसवतोच," ते म्हणायचे, "घोटा फसवत नाही. गडी कुठे वळणार ते त्याच्या घोट्याला आधी कळतं." वीस वर्षं ते पिंपरीकडच्या एका कंपनीच्या कबड्डी संघात उजवा कोपरा खेळले. नोकरीही त्या खेळावरच लागलेली. मग कंपन्यांचे दिवस बदलले. साहेब लोकांनी आधी संघ बंद केला, नंतर खेळाडूंना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले. मास्तर म्हणायचे, "स्वेच्छा त्यांची होती, निवृत्ती आमची."

त्यांना आमच्या कॉलेजने घेतलं ते फक्त पकडी शिकवायला. आमच्या चढाईची पोरं तेव्हा गाजत होती, त्यांना जिमखान्याचे सर बघायचे. बचाव म्हणजे मात्र धर्मशाळा, कुणीही यावं, टेकावं, निघून जावं. दोन वर्षं ओळीने फायनल हरलो होतो. प्राचार्यांनी मास्तरांना एक वर्षासाठी ठेवलं आणि सांगितलं, "काम बघून कायम करू." घरी दोन मुली शिकत होत्या, बायकोला दम्याचा त्रास. पन्नाशीला आलेल्या माणसाला दुसरं कोण विचारणार? त्यांचं सगळं त्या एका वर्षावर होतं. हे मला माहीत होतं. त्यांनीच एकदा स्वारगेटच्या गर्दीत अडकलो असताना सांगितलं होतं.

आता मी 'आमचं कॉलेज' म्हणतोय, तर माझी पात्रता सांगतो. त्या कॉलेजच्या गेटबाहेरच्या स्टँडवर मी अठरा वर्षं रिक्षा लावली. आत नापास व्हायलासुद्धा गेलो नाही, शाळाच दुसरीत सुटली. पण कॉलेजचा संघ म्हटलं की स्टँडवरचे सगळे, कँटीनवाला, समोरचा नंदू झेरॉक्सवाला, चार-दोन जुनी पोरं, एवढे आम्ही प्रत्येक मॅचला हजर. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा. अक्कल कमी असली की देव आवाज देतो.

स्टँडवर एक फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचे, कुणी वाचायचं नाही. मी तो फळा कबड्डीला लावला. मी बोलायचो, नंदू लिहायचा, मग मी त्यालाच वाचून दाखवायला लावायचो. मास्तर आले त्या आठवड्यात मी लिहायला सांगितलं : 'यंदा करंडक आमचाच. शंका असल्यास घरी चालत जावे.'

मास्तर फळ्यापुढे थांबले. "दत्तोबा, हे पुसून टाका. पोरं वाचतात."

"मास्तर, वाचायलाच लिहिलंय."

"दोन वर्षं लागतील हो पोरांना."

"दोन वर्षांत समोरच्या क्लासातली पोरं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जातात. तुम्हाला नुसता पाय धरायला शिकवायचाय."

स्टँड हसला. मास्तर विनोदाला उशिरा हसायचे, आधी तो नीट ऐकून घ्यायचे. तेही हसले आणि ग्राउंडवर गेले. फळा मी पुसला नाही.

ग्राउंडवर मास्तरांनी दोन महिने पकडच करू दिली नाही. दोघा-दोघा पोरांचे हात पंच्याने बांधायचे आणि नुसतं मागे-पुढे चालवायचे. एक पडला की दुसरा पडायचा. आम्ही कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघायचो. मी म्हणायचो, "लग्न लावतायत का काय?" मास्तर ऐकायचे आणि पोरांना म्हणायचे, "लग्नच आहे. एकट्याने धरलं तर मोडतं." दुसरं एक ते रोज सांगायचे. "प्रत्येकाला धरायचं नसतं. कुणाला सोडायचं ते आधी ठरवा. रिकाम्या हाताने परत गेलेला गडी म्हणजे निम्मी पकड." आम्हाला हे पटणं शक्य नव्हतं. आम्हाला पाहिजे होतं धाडकन अंगावर पडणं. सोडायचंच होतं तर ते आमच्या पोरांना आधीपासून येत होतं.

लीगच्या मॅचेस सुरू झाल्या. पोरं अजून घोळत होती, धरू की सोडू याच्यात दोन्ही जायचं. रडतखडत पुढे जात होतो. मी फळ्यावर लिहवलं : 'आमच्या अंगणात प्रवेश मोफत. जाताना एक गुण सोबत न्यावा. आग्रह आहे.' हा फळा फार चालला. लोक लांबून वाचायला यायचे, एका पेपरात कोपऱ्यात छापूनही आला. नंदूने त्याच्या पन्नास कॉप्या काढून फुकट वाटल्या. मला कुणीतरी हार घातला, तोही गणपतीचा उतरवलेला. मी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

मास्तरांनी वाचलं. नेहमीसारखे उशिरा हसले. मग म्हणाले, "चांगलं आहे. पण मंगेश परवापासून जेवला नाही."

मंगेश आमचा उजवा कोपरा. यवतमाळकडचा, विश्रांतवाडीत चार पोरांत खोली घेऊन राहायचा. मास्तरांची जागा तो खेळायचा म्हणून मास्तरांचा जीव त्याच्यावर.

मी म्हटलं, "मेसचं जेवण आहे, मास्तर. मीही जेवलो नसतो."

यावर मात्र ते हसले नाहीत.

तरी आम्ही फायनलला पोहोचलो. आणि खरं सांगतो, त्या दिवशी दुसऱ्या डावात पोरांना काहीतरी कळल्यासारखं झालं. मास्तर कडेला मांडी घालून बसले होते, तळहात खाली करून सारखे 'थांबा, थांबा' खुणावत होते, आणि पोरं थांबत होती. समोरचे गडी यायचे, हात फिरवायचे, परत जायचे. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे. आमचे पाचच गडी आत, म्हणजे बोनसचीही भीती नाही. त्यांची शेवटची चढाई. गड्याला कुणी हात लावू द्यायचा नाही, धरायचं नाही, नुसतं मागे राहायचं. दम संपला की तो जाईल आणि करंडक आपला. लहान पोराला कळेल असं होतं.

मला कळलं नाही. गडी मंगेशच्या कोपऱ्यात आला, पाय लांबवला, आणि मी भिंतीवर उभा राहून ओरडलो, "धर, मंग्या, धर." माझ्या मागे दोनशे माणसं तेच ओरडली. मास्तर तळहात खाली करून खुणावत होते. मंगेशने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि झेप घेतली. घोटा सापडला. पण एकट्याला सापडला. त्याला वाचवायला आणखी दोघं धावून अंगावर पडले, आणि त्या तिघांना ओढत गड्याने बोटं मध्यरेषेला लावली. तीन गुण. एका गुणाने हरलो.

मंगेश मातीतून उठेना. मी जवळ गेलो तर म्हणाला, "मास्तर म्हणत सोड, तुम्ही म्हणत धर. मी काय करू जी काका?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चहा प्यायला गेलो.

नंतर कॉलेजात कमिटी बसली. शिपायाने आम्हाला सांगितलं, मास्तर आत म्हणाले, "धर असं मीच सांगितलं होतं. पोराची चूक नाही." मंगेशची फी माफ होती ती खेळावर, ती जाऊ नये म्हणून. मास्तरांनी काय सांगितलं होतं ते ग्राउंडवरच्या प्रत्येकाने बघितलं होतं. सर्वांत चांगलं मी बघितलं होतं, मी उंचावर होतो.

दोन दिवसांनी सकाळी प्राचार्य स्कूटर लावून स्टँडवर आले. कधी यायचे नाहीत. म्हणाले, "काय दत्तोबा, तुम्ही रोज बघता. मास्तरांना ठेवावं की नाही? कमिटीत दोन्हीकडून बोलणारे आहेत. तुमचं काय मत?"

अख्खा स्टँड माझ्याकडे बघत होता. फळ्याचा लेखक मी, पेपरात आलेला. सरळ सांगायला पाहिजे होतं, की साहेब, ओरडलो मी, मास्तर थांब म्हणत होते, एक वर्ष अजून द्या. एवढंच. तीन वाक्यं. त्याऐवजी मी म्हटलं, "ठेवा की सर, अवश्य ठेवा. फक्त आपल्याऐवजी आपल्याला हरवलं त्या कॉलेजला सांगा, त्यांनी ठेवावं."

स्टँड लोळला. प्राचार्यसुद्धा हसले. हसतच स्कूटरला किक मारली. मला फार बरं वाटलं, तेही सांगून टाकतो. त्या आठवड्यात मास्तरांना नाही म्हणून कळवलं.

पुढच्या वर्षी तीच पोरं, तोच बचाव, करंडक आणला. हातातले पंचे सुटले होते, पण चालायची ती तशीच, जोडीने. पोरं नाचत स्टँडवर आली, "काका, फळ्यावर लिहा काहीतरी." नंदू खडू घेऊन उभा. मी म्हटलं, "आज सुविचार लिही." कुठला, म्हणाला. म्हटलं, कुठलाही. त्याने 'श्रमाचे फळ गोड असते' लिहिलं. कुणी वाचलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी एका मुलीला बाणेरकडे एका कॉम्प्युटर कंपनीत सोडायला गेलो. गेटवर निळ्या गणवेशात मास्तर. हातात लांब दांड्याचा आरसा, गाड्यांच्या खालून फिरवत होते. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात त्यांनी माझा पाय बघितला.

"दत्तोबा ना?" खूश झाले एकदम. शेजारच्या गार्डला म्हणाले, "हे आमचे कॉलेजचे. आमच्या संघाच्या मागे कायम उभे." मुलगी उतरून आत गेली. मी विचारलं, घरचं कसं काय. म्हणाले, मोठीचं लग्न झालं, धाकटी इथेच आत कामाला लागते का बघतोय. पोरांनी करंडक घेतला ते पेपरात वाचलं होतं, कात्रण ठेवलं होतं. मंगेश पोलिसात लागला हेही त्यांना माहीत होतं, तो येऊन भेटून गेला होता.

मी सांगायलाच थांबलो होतो. शप्पथ. मागे गाडी येऊन उभी राहिली, हॉर्न वाजला. मास्तरांनी तिला हाताने थांब म्हणून खूण केली आणि माझ्याजवळ वाकले.

"एक विचारायचं होतं. प्राचार्य मला म्हणाले होते, गेटवरच्या लोकांना विचारून ठरवतो. तुम्हाला विचारलं होतं का हो त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही, मास्तर."

"वाटलंच मला," ते म्हणाले. "तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही बोलला असता."

मी हो म्हटलं. मागच्या गाडीने पुन्हा हॉर्न दिला. मास्तर आरसा घेऊन तिच्याकडे गेले आणि मी रिक्षा वळवली.

गेल्या वर्षी मंगेश वर्दीत स्टँडवर आला, मास्तर गेले म्हणून सांगायला. घरी येताय का, म्हणाला, चला मीच नेतो. गेलो. फोटोला हार घातला. मास्तरांच्या बायकोने मला चहा दिला आणि आलेल्या बायकांना सांगितलं, "हे दत्तोबा. ह्यांच्याबद्दल ते नेहमी चांगलं बोलायचे." मी कप खाली ठेवला नाही. ठेवला असता तर तोंड उघडावं लागलं असतं.