पडद्यामागचे तीन ॲम्प्लिफायर

जुलै महिन्यात दोह्यातल्या घरात मुद्दाम एसी बंद करून बसणं हा वेडेपणा आहे. आमच्याकडे तो दर शुक्रवारी दुपारी व्हायचा. एसीच्या घरघरीत संगीतातले बारकावे बुडतात, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. म्हणून आधी खिडक्यांचे पडदे ओढायचे, मग एसी बंद करायचा आणि मग तीन पुरुषांनी सोफ्यावर रांगेत बसून घाम पुसत ऐकायचं. ‘उकडतंय’ असं जो पहिल्यांदा म्हणेल तो हरला, असा अलिखित नियम होता.

हरायचे ते बहुतेक वेळा रत्नागिरीचे गृहस्थ. ते हमद पोर्टवर कंटेनरच्या कामात होते आणि जुम्म्याची नमाज आटोपून सरळ आमच्याकडे येत. दुसरे नाशिकचे, माझ्या नवऱ्याबरोबर रास लफानला गॅसच्या प्लांटवर. नवऱ्याचं काम ऑफिसात, नाशिककरांचं बाहेर, कॉम्प्रेसरच्या शेजारी.

नवऱ्याकडे तीन ॲम्प्लिफायर होते आणि तिघांची जात वेगळी. एक व्हॉल्व्हचा. त्यात जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्या, चालू केल्यावर नारिंगी उजळणाऱ्या आणि शेगडीसारख्या तापणाऱ्या. दुसरा ट्रान्झिस्टरचा, ज्याला हे लोक क्लास एबी म्हणतात. तो इतका जड की दोघांना मिळून उचलावा लागे. तिसरा क्लास डी, जेवणाच्या डब्याएवढा, तासभर वाजवला तरी हाताला गार. त्यात वीज अतिशय वेगाने चालू-बंद होते आणि तिच्यातून आवाज घडतो. नवऱ्याचं मत ठरलेलं होतं. व्हॉल्व्ह उबदार, एबी भरीव, क्लास डी कोरडा. कोरडा हा शब्द तो असा उच्चारायचा, जणू क्लास डीने त्याचं व्यक्तिगत काही बिघडवलंय.

दोह्यात येण्याआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होते. बातमीतली विशेषणं खोडणं हे कामच होतं. ‘उबदार’, ‘मखमली’, ‘श्वास घेणारा’ असली विशेषणं दर आठवड्याला चहासोबत ऐकल्यावर मी एकदा म्हटलं, “डोळ्यांना दिसत असताना ऐकताय. कोणता वाजतोय हे माहीत नसताना सांगा.”

नवऱ्याला ते लागलं. पण तो इंजिनीअर आहे, त्याने आव्हान घेतलं. त्याने एक पेटी बनवली. तिला तीन ॲम्प आणि स्पीकरची एकच जोडी जोडलेली. वरचं बटण फिरवलं की ॲम्प बदलायचा आणि त्या ॲम्पचा छोटा दिवा लागायचा. स्पीकरच्या तारांवर मीटर लावून त्याने तिन्ही ॲम्पचा आवाज सारखा केला, कारण जरा मोठ्याने वाजणारा ॲम्प माणसाला नेहमी चांगला वाटतो. कपडे वाळवायच्या स्टँडवर चादर टाकून पडदा झाला. पडद्यामागे बसायचं मी. “तूच बस,” तो म्हणाला. “तुझं कुठलंच मत नाही.”

त्या शुक्रवारी जेवणानंतर स्वयंपाकघरात नाशिककरांची बायको ताटं विसळता विसळता हळू आवाजात म्हणाली, “तुला म्हणून सांगते. मागच्या वर्षी कंपनीच्या तपासणीत याचे कान जरा कमी भरले. वरच्या पट्टीतले आवाज. कानाच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणाले, तर वर्ष काढलं याने. पुढच्या महिन्यात परत तपासणी आहे. आता कुठे रविवारची वेळ घेतलीय.”

“मग चांगलंय की.”

“घाबरलाय गं. फील्डवरून काढलं तर ऑफिसात जागा कुठायत? नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि पोरीची बारावी मध्येच. वेळेत दाखवलं तर निदान काही उपाय तरी कळेल. ह्या दोघांना कळू देऊ नकोस हं.”

बाहेरून नवऱ्याची हाक आली. मी हात पुसून पडद्यामागे जाऊन बसले.

गाणं ठरलेलं होतं. भजनाचं जुनं रेकॉर्डिंग, हार्मोनियम, पखवाज आणि मागे बारीक झांज. मी एक-दोन-तीन आकड्यांच्या चिठ्ठ्यांतली एक उचलायची, बटण फिरवायचं, दोन मिनिटं वाजू द्यायचं आणि त्यांनी बोलायचं.

“हा व्हॉल्व्ह,” पहिल्याच खेपेला नवरा म्हणाला. “शंकाच नाही. ती मागची झांज ऐका, तिची शेपटी कशी लांब जाते.”

“यल्ला, चल, पुढचा लाव,” रत्नागिरीकर म्हणाले. “माझा इथे कबाब होतोय.”

“तुला काय वाटलं?” नवऱ्याने नाशिककरांना विचारलं.

“मला... सारखंच वाटतंय सगळं.”

“झांज?”

“कुठली झांज?”

रत्नागिरीकर मोठ्याने हसले. “साहेब, कान घरी ठेवून आलात काय? झांज मला ऐकू येते, आणि मी तर क्रेनखाली उभा असतो!”

“अरे, कॉम्प्रेसरने दिवाळं काढलंय त्याचं,” नवरा म्हणाला. थट्टेतच म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं. मला होतं, आणि मी चादरीमागे गप्प बसून पुढची चिठ्ठी उचलली.

आणखी तीन-चार खेपा झाल्या असतील. नवऱ्याची विशेषणं वाढत होती. नाशिककर दर वेळी तेच सांगत होते, दर वेळी जरा हळू. व्हॉल्व्हच्या आचेने माझे गुडघे भाजत होते म्हणून मी जरा मागे सरकले आणि तेव्हा पेटीकडे नीट लक्ष गेलं. बटण एकवर, म्हणजे व्हॉल्व्हवर होतं. दिवा तीनचा, क्लास डीचा लागलेला होता. मी बटण दोनवर नेलं. दिवा तीनचाच. व्हॉल्व्हचा आवाज पार बारीक केला, भजनावर काही परिणाम नाही. एबीचा केला, तरीही नाही. क्लास डीचा जरासा कमी केला आणि गाण्याचा आवाज खाली गेला. तो एकटाच वाजत होता. कधीपासून, हे सांगता येत नव्हतं, पण बटण पुढेमागे फिरवण्याचा काही उपयोग नव्हता एवढं नक्की.

आवाज का कमी झाला म्हणून कुणी विचारेल आणि आपोआप सगळं उघडं पडेल, असं वाटलं. कुणी विचारलं नाही. नवरा म्हणत होता, “हे बघ, आत्ता बदलला. हा क्लास डी. एकदम कोरडा झाला. जीवच गेला गाण्यातला.” ॲम्प बदललेला नव्हता. त्याआधी दोन मिनिटं ज्याला तो उबदार म्हणत होता, तोच हा होता.

मी तिथेच उठून सांगायला हवं होतं. नवरा वाक्याच्या मध्यावर होता आणि त्याच्या आवाजात असा आनंद होता की मी बटण पुन्हा फिरवलं. निरुपयोगी बटण, नुसतं फिरवायचं म्हणून.

“आता?” नवऱ्याने विचारलं.

नाशिककर म्हणाले, “हो. आता जरा उबदार वाटतंय.”

“बघ! आला की नाही लाइनवर?” नवऱ्याने त्यांच्या मांडीवर थाप मारली.

एसी लागला, पडदा निघाला. निकाल काय, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “आज निकाल नाही. पेटी बिघडली होती.”

“शेवटी बिघडली असेल,” नवरा म्हणाला.

“शेवटी,” मी म्हटलं.

डेस्कवर असताना अशा एका शब्दासाठी मी दुसऱ्याची बातमी परत पाठवली असती. नाशिककर पायात चपला घालताना खाली बघत होते. नेहमी ते दारात दहा मिनिटं बोलत उभे राहत. त्या दिवशी बायकोच्याही आधी लिफ्टपाशी गेले.

संध्याकाळी नवरा आमच्या मुलाला घेऊन द पर्लला, समुद्राकाठी, फिरायला गेला. घर रिकामं झाल्यावर मी नाशिककरांना फोन लावला. जे घडलं ते सांगितलं. ॲम्प बदलतच नव्हता, एकच वाजत होता. सारखंच वाटतंय असं म्हणणारे ते एकटे होते आणि तेच बरोबर होते.

ते हसले, मोकळं, पोटातून. “म्हणजे वहिनी, मी बहिरा नाही!”

“छे हो, भाऊजी. तुमचे कान उत्तम आहेत. आमच्या सगळ्यांपेक्षा.”

“पण शेवटी मीही ठोकून दिलं ना, उबदार म्हणून.”

“आम्हीच तुम्हाला तिथवर आणलं.”

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. दुरुस्ती छापून झाली, असं वाटलं.

शनिवारी सकाळी नवऱ्याने पेटी उघडली. आत एक तार सुटलेली होती. त्याने ती बोटात धरून मला दाखवली आणि विचारलं, “खरं सांग. कधीपासून?”

“मी दिव्याकडे पाहिलं तेव्हापासून तरी नक्की. त्याआधीचं माहीत नाही. बहुधा सुरुवातीपासून.”

तो बराच वेळ तार सोल्डर करत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. “मग मी जे जे बोललो... ती झांज, तिची शेपटी, ते सगळं मनाचंच?”

“नाही,” मी म्हटलं. त्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, तसंच होतं म्हणून. “झांज होतीच. ती मला चादरीमागे पण ऐकू येत होती. फक्त फरक नव्हता.”

हे बोलून झालं आणि माझं वाक्य मलाच नीट ऐकू आलं. झांज होती. क्लास डी असो की व्हॉल्व्ह, ती प्रत्येक वेळी वाजत होती. रत्नागिरीकरांनी ऐकली, नवऱ्याने ऐकली, मी ऐकली. ‘सारखंच वाटतंय’ याचा खुलासा बिघडलेली पेटी करत होती. ‘कुठली झांज?’ याचा करत नव्हती. बारीक, वरच्या पट्टीतला आवाज. त्यांच्या बायकोने तेच शब्द वापरले होते.

मी काय खात्री करून घेतली होती? काहीच नाही. मला माझ्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं, म्हणून एका माणसाला त्याचे कान उत्तम असल्याचं प्रमाणपत्र देऊन टाकलं.

दुपारच्या आत त्यांच्या बायकोचा फोन आला. आवाज खुलला होता. “काय जादू केलीस गं? काल रात्री पोटभर जेवला. आज शनिवारच्या शिफ्टला जाताना शीळ घालत गेला. आणि ऐक, उद्याची वेळ रद्द केली त्याने, ॲपवरून. म्हणे वहिनींनी सांगितलंय, माझे कान उत्तम आहेत. मी म्हटलं अरे, तरी जाऊन ये. तर म्हणे, उगाच कशाला नोंद व्हायला द्यायची? तू पेपरात होतीस, तू उगाच बोलायची नाहीस.”

“परत मिळेल ना वेळ?”

“लगेच कुठली? सुट्टीचे दिवस, अर्धे डॉक्टर बाहेर. पण आता गरज काय?”

मी तिला त्या क्षणी खरं सांगितलं नाही. आधी नाशिककरांशी बोलायला हवं, असं कारण मी स्वतःला दिलं, आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं हे की तिच्या आभारांपुढे चूक कबूल करवत नव्हती.

प्लांटच्या आत मोबाइल नेता येत नाही. कंपनीची बस रास लफानहून निघेपर्यंत थांबावं लागलं. नवरा शेजारच्या खोलीत तीन ॲम्प्लिफायर पुन्हा जोडत होता, या वेळी विशेषणांशिवाय.

बस निघाल्यावर त्यांनी फोन उचलला. मागे गाडीचा आवाज, कुणाचं तरी मल्याळममधलं बोलणं.

“बोला वहिनी. पेटी दुरुस्त झाली?”

“झाली. भाऊजी, काल मी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. ॲम्प बदलत नव्हता, ही खरी. तुमचे कान उत्तम आहेत, ही मी खात्री न करता सांगितली. मला ते माहीत असायचं काही कारण नाही.”

“मग?” त्यांनी विचारलं.

“त्या गाण्यात झांज आहे,” मी म्हटलं. “सगळा वेळ होती. आम्हा तिघांना ऐकू आली.”

“तुम्हालापण? चादरीमागून?”

“हो.”

बस कुठेतरी वळली असावी, आवाज कमी-जास्त झाला. “मला वाटलं, झांजेचं तो उगाच फेकतोय,” ते म्हणाले. “तो म्हणतो म्हणून रत्नागिरीवाला पण म्हणतोय.” मग विचारलं, “हिने सांगितलं ना तुम्हाला? तपासणीचं?”

“हो. काल जेवण झाल्यावर. तुम्ही ऐकायला बसायच्या आधी.”

“म्हणजे ते दोघं हसत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं.”

या एका उत्तराला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यांनी राग केला नाही. केला असता तर सोपं गेलं असतं.

“आता हे तरी नक्की ना, वहिनी?” त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती.

“झांज होती एवढं नक्की. बाकी मला माहीत नाही. ते डॉक्टरच सांगतील.”

“बरं,” ते म्हणाले. “मग बघतो, वेळ परत मिळते का. रद्द केलेली जागा गेली असेल म्हणा.”

“मीही शोधते. दुसरीकडे कुठे मिळाली तर—”

“नको,” ते म्हणाले, अगदी सभ्यपणे. “मी बघतो.”