मेल आपोआप येऊ लागले तेव्हा

सुरतेतल्या आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात बाहेरचे मेल एकाच बाईंच्या हातून आत येत. त्या दाराशी फोनच्या टेबलावर बसत आणि मधूनमधून बाहेरच्या, इंटरनेटवरच्या पेट्यांतले मेल आमच्या आतल्या लिनक्स सर्व्हरवर उतरवून घेत. मग ज्याचा असेल त्याला फोन करून सांगत, "तुमचा मेल आलाय." त्या धुळ्याकडच्या, माझ्यासारख्याच सुरतेतल्या नवागाम या खानदेशी वस्तीत राहणाऱ्या. ऑफिसात हिंदी-गुजराती बोलत, माझ्याशी मात्र बोलताबोलता अहिराणीवर येत. मी त्यांना ताई म्हणायचो. संगणकांची देखभाल माझ्याकडे होती.

एका सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या. त्यांचा आवाज बरेच दिवस बसलेला होता. घशात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं.

"भाऊ, मी नसले तर मेल कोण उतरवी?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "आपोआप येतील असं करता येतं ना? करून टाक."

करता येत होतं. पण त्यांचंच काम त्यांच्यादेखत मशीनला द्यायला मन धजेना. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्याच.

ठरावीक वेळाने मेल घेऊन येणारा प्रोग्रॅम मी सर्व्हरवर बसवला. त्याच्या फाइलमध्ये बाहेरची प्रत्येक पेटी आणि तिच्यासाठीचं आतलं खातं लिहिलं. पासवर्ड ताईंना पाठ होते, ते त्यांनीच टाइप केले. सुरुवातीला प्रोग्रॅम चालायलाच तयार नव्हता. पासवर्ड असलेली फाइल इतरांनाही उघडता येत होती, म्हणून तो अडून बसला होता. ती वाट बंद केल्यावर मेल येऊ लागले.

"बाहेरची प्रत एवढ्यात पुसू नको," ताईंनी बजावलं. तेही लिहिलं. शेवटी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. थोड्या वेळाने, कुणी हात न लावता, रंगखात्याच्या नावचा एक मेल येऊन पडला.

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. "चाललं," एवढंच म्हणाल्या, आणि फोन वाजला म्हणून उठून गेल्या.

ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ही बातमी आली तेव्हा शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बहन अब फोन नहीं उठा सकतीं. मेल मशीन ले आती है. उन्हें बिठाऊँ कहाँ?"

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांना खरंच सुचत नव्हतं. मी म्हणालो, "शेठ, मेल तो आ जाते हैं. जवाब कौन दे रहा है?"

ताई रजेवर गेल्यापासून व्यापाऱ्यांचे मेल आत येऊन तसेच पडून होते. कुणाचा मेल अडलाय, कुणाला पुन्हा आठवण करायची, हे आजवर त्याच बघत होत्या. शेठनी ते मेल माझ्याकडून मागवून पाहिले. मग म्हणाले, "ठीक होते ही बुला लो."

ताई परतल्या त्या गळ्याला मऊ सुती रुमाल बांधून. व्यापाऱ्यांना उत्तरं आता त्याच देतात. पण त्या पहिल्या दिवशी त्यांच्याशी कसं वागावं ते कुणालाच कळेना. माणसं टेबलाजवळून जाताना मान हलवत आणि पुढे होत. मीही कामाचं निमित्त करून सर्व्हरच्या खोलीत बसलो होतो.

दुपारी माझ्या पडद्यावर त्यांचा मेल आला. "भाऊ, जेवाले ये."

गेलो. त्यांनी डबा उघडून ठेवला होता. प्रत्येक घास त्यांना जपून गिळावा लागत होता. मी समोर बसून सावकाश जेवलो.