शनिवारची मूठमाती

वर्लन टिडमोरच्या केस कापायच्या दुकानाला पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. वाचायची ती काच. दर शुक्रवारी सकाळी वर्लन बुटांचं पांढरं पॉलिश घेऊन दुकानाबाहेर उभा राही आणि रस्त्याकडच्या मोठ्या काचेवर शनिवारच्या कॉलेज फुटबॉलची भाकितं लिही. डाव्या बाजूला सामना, कोण जिंकणार, कितीने. उजवी बाजू मोकळी. रविवारी चर्च सुटलं की गावची माणसं गळ्यातले टाय सैल करत तशीच काचेपुढे जमत आणि वर्लन उजवीकडे खरे आकडे भरी. मग चुकलेल्या भाकितांवरून त्याची जी हजेरी घेतली जाई, ती ऐकायला बायकासुद्धा रेंगाळत.

हार्पर्स मिल हे गाव लाल. अलाबामात मोठी कॉलेजं दोन, एक लाल गणवेशाचं, एक निळ्या. मधला रंग नाही. मूल जन्मलं की आधी त्याचा रंग ठरतो, मग नाव. गावातल्या निम्म्या माणसांनी त्या कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नव्हतं आणि वर्लनने तर शाळाच अर्ध्यावर सोडली होती, पण लाल हरले की सोमवारी गावात कुणी कुणाशी धड बोलत नसे. वर्लनचा एक नेम होता. लालांची हार काचेवर लिहायची नाही म्हणजे नाही.

"अरे, गेल्या खेपेला साफ लोळवलं आपल्याला, तरी तेच लिहितोस?" असं कुणी विचारलं की तो म्हणे, "आपल्या माणसाविरुद्ध हात उठत नाही बाबा माझा."

आणि त्याचा सख्खा थोरला भाऊ होलिस निळा! तो गुराढोरांचा डॉक्टर व्हायला निळ्यांच्या कॉलेजात गेला, डॉक्टर काही झाला नाही, रंग मात्र घेऊन आला. दोघं एका पलंगावर झोपून वाढलेले. शनिवारी आईच्या ओसरीवर एकच रेडिओ मध्ये ठेवायचा, उकडलेल्या शेंगांचं पातेलं मध्ये घ्यायचं आणि एकमेकांची उणीदुणी काढत सामना ऐकायचा, हा त्यांचा सण. आईला या खेळाचा मनस्वी तिटकारा. ती आतून ओरडायची, "आईपेक्षा चेंडू प्यारा मेल्यांना! मी मेले की मला शनिवारीच पुरा. बघते कोण येतं ते!"

ती गेली नोव्हेंबरात, लाल-निळ्यांच्या सामन्याच्याच आठवड्यात. आमच्याकडे या दिवसांतल्या शनिवारी कुणी लग्न धरत नाही आणि मूठमातीही देत नाही. धरलं तर पाद्री आणि घरचे, एवढेच यायचे. पण आईचा शब्द मोडवेना. शनिवारी दुपारी, ऐन खेळाच्या वेळेला, दोघा भावांनी आईला दफनभूमीत नेलं. आली ती माणसं नाइलाजाने आली, चेहरे लांब करून, घड्याळाकडे चोरून बघत.

वर्लनने कोटाच्या आतल्या खिशात छोटा रेडिओ ठेवला होता. वायर कॉलरमधून वर, बटण कानात. पाप वाटत होतं, पण तेवढंच जरा कानावर पडू दे, असं त्याने स्वतःला समजावलं. पलीकडे होलिस तळहातावर गाल टेकून, मान वाकवून उभा होता. पाद्री शेवटची प्रार्थना म्हणत होता, पेटी खाली उतरत होती, आणि तिकडे लालांच्या पोराने शेवटच्या क्षणी मारलेली किक दोन खांबांमधून पार झाली.

"जिंकलो!" वर्लन ओरडला.

आईच्या खड्ड्याशी उभा राहून, दोन्ही हात वर करून ओरडला. पाद्री थांबला. पेटी उतरवणारे थांबले. आणि त्याच क्षणी पलीकडे होलिसला हुंदका फुटला. एवढा मोठा बाप्या लहान मुलासारखा रडला, गुडघ्यांवर बसला. लोकांनी त्याचे खांदे धरले. गाव म्हणालं, बघा, एका पोटची दोन पोरं! थोरल्याची माया बघा आणि हा बघा.

त्या संध्याकाळी होलिस कुणाशी न बोलता निघून गेला तो नदीपलीकडे, बायकोच्या गावी. परत आला नाही. वर्लन दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा खिडकीचा पडदा हलला, दार उघडलं नाही. उघडलं असतं तरी वर्लन काय बोलणार होता? बायकोला, इनेझला, एकदाच म्हणाला, "मी त्याच्या जागी असतो तर मीही उघडलं नसतं."

गावाने मात्र ती गोष्ट जिवंत ठेवली. कुणी गेलं की म्हातारा ड्यूई, जन्मभर टपाल वाटून आता दिवसभर वर्लनच्या दुकानात खुर्ची अडवून बसलेला, हटकून म्हणायचा, "मयतीला निघालास? रेडिओ घेतलास ना?" सगळे हसायचे. वर्लनही हसायचा. मग घरी जाऊन जेवायचा नाही.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे, वर्लनचे केस पिकले, हात थरथरायला लागला, वस्तऱ्याचं काम त्याने सोडलं. आणि यंदाच्या लाल-निळ्यांच्या शुक्रवारी, तो पॉलिशची बाटली हलवत असतानाच दुकानातला फोन वाजला.

"वर्लनकाका, मी ट्वायला. होलिसची मुलगी."

वर्लनने बाटली खाली ठेवली.

"बाबांचं आता काही खरं नाही, काका. डॉक्टरांनी घरी पाठवलंय. ते म्हणतायत, उद्या या."

"येतो. सकाळीच निघतो."

"सकाळी नको. दोन वाजता या म्हणतायत. खेळ सुरू होताना. मी म्हटलं त्यांना, असं काय करता. पण ते ऐकतच नाहीत."

वर्लनने फोन ठेवला. त्याला वाटलं, होलिस आपली परीक्षा बघतोय, आई बघायची तशीच. आणि बघू दे. मरण्याआधी भावाने एकदा "जा, माफ केलं" एवढं म्हणावं, याहून दुसरं काही त्याला या जगात नको होतं.

ड्यूईला कळलं तसा तो उसळला. "लाल-निळ्यांचा सामना सोडून? अरे, तुझं डोकं फिरलंय का?"

"तुझी जीभ आवर, ड्यूई."

एवढंच बोलून वर्लन बाहेर गेला. काचेवर सगळी भाकितं लिहिली. लाल-निळ्यांपाशी आला तेव्हा ओळीत दोन्ही नावं लिहिली आणि बाटलीला बूच लावलं. कोण, कितीने, काहीच नाही. येणारेजाणारे दिवसभर त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

शनिवारी इनेझने केळ्याचं पुडिंग बांधून दिलं. रस्ते रिकामे होते. ट्वायलाने दार उघडलं, काकाला मिठी मारली आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

होलिसचं पार चिपाड झालं होतं. उशाशी ऑक्सिजनची नळी, पायाशी टीव्ही लावलेला, अंगावर निळी चादर. त्याने डोळे उघडले.

"म्हातारा झालास, बब," तो म्हणाला. लहानपणीचं नाव. ते नाव घेणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तू तर काय नवरदेवच दिसतोयस," वर्लन म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

"बस. सुरू होईल. रडायचं असेल तर मध्यंतरात रड."

मग दोघे बघत बसले. ट्वायलाने उकडलेल्या शेंगा आणून ठेवल्या. होलिसला खाता येत नव्हतं, पण वास घ्यायला एक हातात धरून बसला. निळ्यांनी आघाडी घेतली तेव्हा म्हणाला, "बघ, आमच्या शेतकऱ्यांच्या पोरांना." लालांनी बरोबरी केली तेव्हा वर्लन गप्प बसला. गुडघ्यांवर हात दाबून, ओठ मिटून. होलिसने ते पाहिलं.

"ओरड की."

"नको."

"ओरड रे. माझं घर आहे."

"होलिस, मी त्या दिवशी…"

"थांब."

शेवटचा भाग चालू होता. निळे थोडेसे पुढे, चेंडू लालांकडे, आणि लालांची पोरं एकेक पाऊल पुढे सरकत होती. असा शेवट वर्लनने काचेवर कितीदा मनातल्या मनात लिहिला होता. तेवढ्यात होलिस म्हणाला, "बंद कर तो."

"आत्ता?"

"आत्ताच. सामना संपल्यावर माझ्याच्याने बोलवणार नाही."

वर्लनने पडद्याकडे पाहिलं. मग उठला आणि टीव्ही बंद केला. काळ्या काचेत दोन म्हातारे दिसायला लागले.

"त्या दिवशी," होलिस थांबत थांबत म्हणाला, "माझ्याही कानात होता."

"काय?"

"रेडिओ. बाहीतून वायर घेतली होती. तळहातात बटण, ते कानाशी. गालाला हात लावून उभा होतो ना मी?"

वर्लनचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला.

"तू ओरडलास त्याच वेळी मीही ऐकलं. किक गेली. आम्ही हरलो." होलिसच्या डोळ्यांतून पाणी उशीवर जात होतं. "मी त्यासाठी रडलो, बब. आईसाठी नाही. आईची पेटी समोर उतरतेय आणि मी त्या चेंडूसाठी रडलो. लोक पाठीवरून हात फिरवत होते, काय माया आहे म्हणत होते, आणि मी फिरवू दिला. तुला शिव्या घालत होते, त्याही घालू दिल्या."

वर्लन उठून खिडकीशी गेला. मग त्याचा संताप वर आला.

"एवढी वर्षं, होलिस? अरे, गावात कुणी मेलं की माझ्याकडे बघून हसतात! माझ्या मुलीच्या सासरी ती गोष्ट पोचलीय. दोनदा तुझ्या दारात आलो मी, कुत्र्यासारखा उभा राहिलो!"

"पडद्याआडून बघत होतो. कुठल्या तोंडाने उघडू?"

वर्लन माफी मागायला आला होता. इथे तर उलटंच होऊन बसलं होतं, आणि माफी द्यायची कशी ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो परत येऊन बसला. पातेल्यातली एक शेंग घेतली, सोलली, मऊ दाणा होलिसच्या तळहातावर ठेवला आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत मिटून धरली.

"आईने बरोबर ओळखलं होतं आपल्याला," तो म्हणाला.

"दोघांनाही," होलिस म्हणाला, आणि हसायला गेला तर खोकला आला. जरा वेळाने म्हणाला, "मलाही शनिवारीच पुरा. खेळाच्या वेळेला. आणि मी गेल्यावर गावाला सांग खरं काय ते. सांगच तू. माझी हरकत नाही."

अंधारायच्या आत वर्लन निघाला. गावात शिरला तर गाड्यांचे भोंगे वाजत होते, लाल झेंडे फडकत होते. म्हणजे जिंकले. दरवर्षी तो खिडकी खाली करून हात बाहेर काढायचा. आज काच वरच राहिली.

रविवारी पहाटे ट्वायलाचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. मूठ आम्ही उघडली नाही, तशीच मिटलेली ठेवली.

चर्च सुटल्यावर वर्लन दुकानाकडे चालत आला. काचेपुढे गर्दी होती, माणसं खुशीत होती. ड्यूई पुढे झाला. "चला, भरा आकडे! आणि पुढल्या शनिवारी फायनल, बरं का! तुझ्याविनाच जिंकलो आम्ही!"

वर्लनने खिशातून फडकं काढलं. डाव्या बाजूची सगळी भाकितं पुसली. मग त्याने बाटली उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: होलिस टिडमोर. शनिवार, दुपारी दोन.

टोप्या उतरल्या. शनिवारी दुपारी दोनला काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं. ड्यूईचा चेहरा पडला.

"मी येईन," तो म्हणाला. मग, सवयीचा गुलाम, वाईट मनाने नव्हे, त्याच्या तोंडून निघूनच गेलं, "पण वर्लन, या खेपेला तरी रेडिओ घरी ठेव हो. तो बिचारा आईसाठी किती रडला होता."

वर्लन वळला. सगळे त्याच्याकडे बघत होते. होलिसने मुभा दिली होती. एक वाक्य पुरे होतं, जिभेवर आलंही होतं. त्याने काचेवरच्या नावाकडे पाहिलं. पॉलिश अजून ओलं होतं.

"हो," तो म्हणाला. "फार रडला होता. घरीच ठेवीन मी."